पळती रेकॉर्ड

नव्या रेकॉर्डचं खोकं दुपारी घरी आलं, तेव्हा दाजी आनंदाने बनियनवरच दार उघडायला धावले. एरवी आनंद हा काही त्यांचा स्वभाव नव्हता, काळजी हा स्वभाव होता. लिफ्ट चालू असली तर ती मध्येच अडकेल म्हणून आणि बंद असली तर जिन्यात पाय मुरगळेल म्हणून, ते घरातून निघतानाच चेहरा पाडून निघत. पण आजची गोष्ट वेगळी होती. खोक्यात 'थांबू नको' होता. त्यांच्या मेहुण्याच्या डिस्को ग्रुपचा पहिला अल्बम! आणि तो दाजींनी त्यांच्या छोट्याशा स्टुडिओत स्वतःच्या हातांनी रेकॉर्ड केला होता.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, सगळ्यांचे दादा. ते यांना दाजी म्हणत, म्हणून ग्रुपच्या ड्रमरपासून स्टुडिओखालच्या चहावाल्यापर्यंत सगळेच दाजी म्हणत. दादांनी अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या लग्नांत दुसऱ्यांची गाणी म्हणण्यात घालवलं होतं, आणि तीही लोक ताटावर वाकलेले असताना. आता केस पिकायला लागल्यावर पहिल्यांदाच गाणी स्वतःची आणि कव्हरवर चकचकीत जाकिटातला फोटोही स्वतःचा. "दाजी, हे जर बुडालं ना, तर मी पुन्हा माइकला हात लावणार नाही," असं ते म्हणाले होते. आणि दादा बोलले की बोलले.

दाजींनी रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली आणि सुई टेकवली. गाणं पळत होतं. कुत्रं मागे लागल्यासारखं पळत होतं. ड्रम पळत होते, गिटार त्यांच्यामागे धापा टाकत होती आणि दादांचा भारदस्त आवाज एखाद्या शाळकरी पोराने चोरून नेल्यासारखा येत होता.

काय झालं ते दाजींच्या तत्काळ ध्यानात आलं. एका गाण्यात दादांना वरचा सूर काही केल्या लागत नव्हता. अशा वेळी स्टुडिओत एक युक्ती करतात. टेपची गती गुंडी फिरवून जराशी कमी करायची, गायकाला खालच्या सुरात आरामात गाऊ द्यायचं, आणि मग गुंडी जागेवर आणली की तोच सूर आपोआप वर चढतो. दाजींनी युक्ती केली. फक्त गुंडी जागेवर आणायची राहिली, आणि सगळा अल्बम शेवटच्या टेपवर उतरवला तो तशाच मंद यंत्रावर. त्या यंत्रावर ऐकताना सगळं झकास वाटत होतं. कारखान्यातली यंत्रं मात्र बिचारी सरळमार्गी. त्यांनी नेमाने, योग्य गतीने टेप चालवली, आणि अल्बम उधळला.

"अहो, काय झालं? गाणं असं का करतंय?" बायको हात पुसत बाहेर आली. दाजींनी घडलेलं सांगितलं. तिने डोक्याला हात लावला. "मग दादाला सांगून टाका ना! आज संध्याकाळी तो सगळ्यांना घेऊन ऐकायला येतोय."

"सांगतो. पण आज नको. आज ते खुशीत आहेत."

"मग उद्या?"

"उद्या खुशीत नसले तर?"

बायको तशीच आत निघून गेली. दाजींना हे बोलण्यापेक्षा जास्त लागलं. पण संध्याकाळ तोंडावर आली होती. त्यांनी प्लेअर उलटा केला. खाली गती जुळवायचा एक बारीक स्क्रू असतो, तो स्क्रूड्रायव्हरने हळूहळू पिळत पिळत त्यांनी प्लेअरच इतका मंद केला की पळणारी रेकॉर्ड चालायला लागली.

संध्याकाळ सुरेख पार पडली. दादांनी डोळे मिटून सगळा अल्बम ऐकला आणि उठून दाजींना मिठी मारली. "दाजी, आज मला वाटलं की मीही कुणीतरी आहे," असं म्हणत त्यांनी डोळे पुसले. दाजींनीही पुसले, पण वेगळ्या कारणाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी आपली एक जुनी आवडती रेकॉर्ड लावली. सासूबाई लेकीकडेच राहत, आणि सकाळी गाणं ऐकल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. आज गाणारी बाई विहिरीत पडल्यासारखी आवाज देत होती. सासूबाईंनी रेकॉर्ड बदलली. दुसरी बाईही विहिरीत.

"जावईबापू, तुम्हाला हे नीट ऐकू येतंय?"

इथे खरं बोलायची संधी होती. दाजींनी ती नेहमीप्रमाणे घालवली. "हो, छान आहे की," ते म्हणाले.

सासूबाई कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी तपासून कान ठणठणीत असल्याचं सांगितलं. हे ऐकून माणसाला बरं वाटायला हवं, पण सासूबाई घरी येऊन खुर्चीत मटकन बसल्या. "कान चांगले आहेत," त्या म्हणाल्या, "म्हणजे डोकं गेलं माझं." आणि त्यांनी लेकीला बोलावून कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते समजावून द्यायला सुरुवात केली.

बायकोने दाजींना स्वयंपाकघरात गाठलं. "तो स्क्रू आत्ताच्या आत्ता जागेवर आणा."

"आणला असता गं! पण दादांचा ग्रुप प्रकाशनाच्या कार्यक्रमासाठी रोज इथेच रेकॉर्ड लावून तालीम करतोय. प्लेअर नीट केला की गाणं पळणार."

"आणि आईचं काय? ती मला तिच्या बांगड्या वाटून द्यायला निघालीय!"

दाजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. तशात प्रकाशनाआधी दादांनी ओळखीपाळखीत वाटलेल्या रेकॉर्ड वाजू लागल्या. दादांनी आपला अल्बम रेडिओवर ऐकला आणि गोंधळून फोन केला. "दाजी, हे लोक आमचं गाणं किती घाईत लावतात हो?" दाजींनी सांगितलं की रेडिओवाल्यांना मध्ये जाहिराती बसवायच्या असतात, ते सगळंच उरकून घेतात. मग दादांनी तेच गाणं न्हाव्याच्या दुकानात ऐकलं, तिथेही पळताना. दाजींनी सांगितलं की न्हावी गिऱ्हाईक लवकर उठावं म्हणून प्लेअर मुद्दाम तसा ठेवतो. एक थाप झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी. दाजींना आता स्वतःच्या आवाजाचीच धास्ती वाटू लागली होती. आणि गंमत अशी, की गाणं लोकांना आवडत होतं. न्हाव्याकडचं गिऱ्हाईक तर दाढी झाली तरी उठत नव्हतं.

प्रकाशनाच्या दिवशी दाजी हॉलवर पोचले, तेव्हा नाच बसवणाऱ्या बाई दारातच उभ्या होत्या. गाण्यावर नाचायला त्यांच्या मुली होत्या, आणि त्यांनी सगळी तालीम आपल्या क्लासात वेगळी केली होती. "काय हो दाजी, केवढं जलद गाणं हे!" बाई म्हणाल्या. "मुलींचे घोटे सुजले. पण बसवलंय मात्र पक्कं. रेकॉर्ड लावून अगदी तंतोतंत."

दाजींना दरदरून घाम फुटला. मुली बाहेरच्या रेकॉर्डवर तयार झालेल्या, दादांचा ग्रुप घरच्या प्लेअरवर. एकाच रंगमंचावर, एकाच गाण्यात, मुली नाच संपवून कमरेवर हात ठेवून उभ्या राहणार आणि दादा अजून दुसऱ्या कडव्यात असणार. समोर भरलेला हॉल, जो हे गाणं रेडिओवर पळतानाच ऐकून आलाय. लोक हसतील. दादा घरी जातील, आणि पुन्हा कधीही गाणार नाहीत. या विचाराने दाजींना खरंच रडू आलं. दादा त्यांना मनापासून आवडत होते, हीच तर सगळी अडचण होती.

बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि पडद्यामागे ढकललं. ढकललं म्हणजे शब्दशः ढकललं.

दादा चकचकीत जाकीट घालून उभे होते. "दादा, एक सांगायचं होतं," दाजी म्हणाले.

"मागाहून सांगा."

"मागाहून काही उपयोग नाही." आणि दाजींनी डोळे मिटून एका दमात सगळं सांगून टाकलं. टेप, गुंडी, स्क्रू, सासूबाई, न्हावी, नाचणाऱ्या मुली, काही शिल्लक ठेवलं नाही.

ड्रमर, ज्याला काळजी करण्यात दाजींच्या खालोखाल मान होता, हळूच म्हणाला, "म्हणजे रेडिओवर पळत होतं, ते खरं?"

"तेच खरं."

"आणि आपण तालमीत वाजवत होतो..."

"ते फक्त आमच्या घरापुरतं."

दादांचा चेहरा पांढरा पडला. "दाजी," ते म्हणाले, "परक्यांनी मला जेवता जेवता हाकललंय, त्याचं काही वाटलं नाही. पण तुम्ही घरचे ना हो?" दाजींनी मान खाली घातली. तेवढ्यात निवेदकाने ग्रुपचं नाव पुकारलं आणि पडदा उघडला.

जलद वाजवायचं, एवढंच ड्रमरच्या डोक्यात उरलं होतं. किती जलद, हे सांगायला कुणाला सवड झाली नव्हती. त्याने काठीवर काठी आपटून सुरुवात करून दिली, तीच घराला आग लागल्यासारखी. गिटारवाला घाबरून त्याच्यामागे सुटला. दादा दोघांच्यामागे सुटले. पहिलं कडवं लोकांना श्वास घ्यायच्या आत संपलं. नाचणाऱ्या मुली जीव खाऊन पाय उचलत होत्या, तरी मागे पडत होत्या. एकीचा बूट उडून पहिल्या रांगेत गेला, आणि लोकांनी तो नाचाचाच भाग समजून टाळ्या वाजवल्या. वरच्या सुराची जागा आली तेव्हा दादांनी विंगेत उभ्या असलेल्या दाजींकडे जळजळीत नजरेने बघितलं, आणि संतापाच्या भरात तो सूर खाडकन लावला. अख्खा हॉल उभा राहिला. उभा राहिला आणि नाचायला लागला. सासूबाईसुद्धा खुर्चीला धरून डोलत होत्या, आणि शेजारणीला सांगत होत्या, "माझं डोकं ठीक आहे गं, ठीक आहे."

कार्यक्रम संपला तेव्हा दाजी पळून जाण्याच्या विचारात होते, पण बायकोने बाही धरून ठेवली होती. लोक दाराशी रेकॉर्ड घ्यायला रेटारेटी करत होते. त्या गर्दीतून घामाने निथळत दादा तरातरा चालत आले, आणि दाजींनी थप्पड खायच्या तयारीने गाल पुढे केला.

"दाजी! ती विक्री आधी बंद करा!"

"का हो, दादा?"

"का काय? बाहेर एकाने आत्ता रेकॉर्ड लावून दाखवली मला. काय ती संथ! रडगाणं नुसतं!" दादांनी दाराशी लोटलेल्या गर्दीकडे हात केला. "लोक इथे आमचं हे गाणं ऐकून घरी जाणार आणि ती लावणार. तोंड दाखवायला जागा राहील का मला? जरा वेग वाढवायला काय झालं होतं तुम्हाला?"

दाजींनी बायकोकडे बघितलं. तिने तोंड फिरवलं होतं, पण तिचे खांदे हलत होते. जे वाक्य दाजी इतके दिवस आरशासमोर घोकत होते आणि ज्याच्या धसक्याने त्यांची झोप उडाली होती, ते आता अगदी सहज त्यांच्या तोंडून निघालं.

"चूक झाली, दादा. माझंच लक्ष नव्हतं."

दादांनी एक लांब श्वास सोडला आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "असू द्या. माणसाच्या हातून होतं," ते म्हणाले. "पण पुढच्या वेळी असं काही झालं, तर मला आधी सांगत जा."