तमाम लोकांपैकी एक

वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीला कुणी उत्तर पाठवतं का? आमच्या शेजारचे खरात तात्या पाठवायचे. तेही पोस्टकार्डावर, आणि हरकत नसल्याचं!

'अमुक जागा आमचे अशील घेऊन तिथे बांधकाम करणार आहेत, तमाम लोकांपैकी कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी,' असं वकिलानं छापलं की आमचं बाकीचं बेलापूर गाव पान उलटायचं. तात्या सलूनमध्ये बसून ती नोटीस दोनदा वाचत आणि घरी येऊन कार्ड लिहीत: 'सप्रेम जयभीम. आपली नोटीस वाचली. माझी काही हरकत नाही. खुशाल बांधा. चौथरा उंच घ्या, तिथे पाणी साचतं.'

तीस वर्षं पोस्टमनकी केलेला माणूस. "पत्राला उत्तर न देनं म्हंजी आलेल्या मानसाला दारात उभं ठेवनं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्यामुळे गावात कुठं काय उभं राहणार हे आमच्या गल्लीला जागामालकाच्या बायकोआधी कळायचं.

एकदा भांडणातल्या एका जागेबद्दल त्यांचं कार्ड गेलं आणि घाबरलेला वकील श्रीरामपूरहून स्कूटरवर थेट त्यांच्या ओट्याशी हजर.

"तुमचा या जागेशी संबंध काय?"

"कायबी न्हाई."

"मग पत्र कशाला पाठवलंत?"

"तुमी तमाम लोकान्ला इचारलं. आमी त्यात येतो का न्हाई?"

वकिलानं चहा घेतला आणि स्कूटरला किक मारली.

मग एक दिवस तात्या सलूनमधून आले ते थेट घरात गेले. त्या दिवशीची नोटीस त्यांच्याच घरासमोरच्या मोकळ्या जागेची होती; ती एक डॉक्टर घेणार होते. दुमजली दवाखाना होणार होता.

तात्यांच्या बायकोचे, सरूबाईंचे, पाय तीन वर्षांपूर्वी गेले होते. खाट खिडकीशी. त्या मोकळ्या जागेपलीकडे एस.टी.चा थांबा. कुणाची लेक माहेरी आली, कुणाचा जावई रुसून परत निघाला, सगळं सरूबाई पडल्यापडल्या बघायच्या. भिंत उठली की ते संपणार. अख्खी गल्ली म्हणाली, "तात्या, या वेळी हरकत घ्याच."

चार दिवस कार्ड कोरंच राहिलं. शेवटी तात्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं. "मास्तर, तुमी लिव्हा. मला सवय न्हाई." मी चांगली खणखणीत हरकत लिहिली आणि मोठ्यानं वाचून दाखवली.

"फाडा ते," खाटेवरून सरूबाई म्हणाल्या. "बाळंतपनाला पोरी टेम्पोत घालून श्रीरामपूरला न्याव्या लागत्यात. आन मी यष्टी बघाया दवाखाना अडवू व्हय?"

तात्यांनी कार्ड फाडलं. दुसरं त्यांनी स्वतःच लिहिलं. त्या वेळी त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

वर्षभरात दवाखाना झाला. खिडकीत विटांची भिंत आली. तात्यांनी मग नवीनच उद्योग काढला. सकाळ-संध्याकाळ थांब्यावर जाऊन उभे राहायचे आणि घरी येऊन खाटेशी बसून सगळं सांगायचे. कोण उतरलं, कुणाच्या हातात काय पिशवी, कोण कुणाशी बोललं नाही. आम्ही चेष्टा करायचो, "तात्या, रिटायर झाल्यावर पुन्हा डिलिव्हरी?" ते हसायचे.

एकदा संपामुळे दिवसभर एस.टी. बंद होत्या. मी श्रीरामपूरहून टेम्पोत उभा राहून संध्याकाळी कसाबसा आलो. तात्यांच्या दारावरून जाताना आवाज आला.

"साडेपाचची आली बरं का. शिंद्यांची लेक उतरली. कडेवर पोरगं हुतं, लई गुटगुटीत."

मी तिथंच थबकलो. एस.टी. बंद असल्याचं माझ्याच बायकोनं सकाळी सरूबाईंना सांगितलं होतं.

आतून सरूबाईंनी विचारलं, "पोरगं कुनावर गेलंय वो?"

"आईवर," तात्या म्हणाले.