‘स्था’ धातूची सर्वसाधारण सभा

लोखंड गंजतं, तांबं काळवंडतं. संस्कृतातला धातू मात्र जितका जुना, तितका उपयोगी पडतो. लालबागच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेने हे सिद्ध करून दाखवलं.

निमित्त लिफ्टचं. ती गणपतीपासून चौथ्या मजल्यावर उभी होती. बहुतेक सभासद त्याच्या खालीच राहतात, त्यांचं जिन्याने भागतं, तेव्हा लिफ्ट बहुमताने चालू आहे, असं सेक्रेटरी विक्रांत परब यांचं मत होतं. सहाव्या मजल्यावरचे भिवा घाडी अल्पमतात होते. त्यांच्या यशोदाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि सभा ज्या रविवारी सकाळी, त्याच दुपारी दादरला त्यांच्या भाचीचं, रश्मीचं, लग्न. रश्मीची आई कामाला जायची, तेव्हा तिला यशोदाबाईंनीच सांभाळलेलं.

बायको खाली कशी येणार, एवढंच भिवा विचारत होते. प्रश्न मूलभूत असल्याने तो मुळापासून हाताळण्यासाठी विक्रांतरावांनी ठाकूरद्वारहून संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापिका ऋग्वेदा खरे यांना सभेला आणलं. (लिफ्टवाल्याला रोख पैसे लागतात. विद्वानांना शाल पुरते.)

बाईंनी सांगितलं, की ‘स्था’ म्हणजे उभं राहणं. त्यापासून संस्था झाली, व्यवस्था झाली, निष्ठा आणि प्रतिष्ठाही. सभा भारावली. लिफ्ट बिघडलेली नसून धातूच्या अर्थाला धरून वागते आहे, हे आम्हांला प्रथमच कळलं. विक्रांतरावांनी विचारलं, ‘स्थगित’ही यातलाच ना? बाई म्हणाल्या, नाही, तो ‘स्थग्’चा, अर्थ झाकणं. सभेला हे रुचलं नाही, कारण दुरुस्तीचा विषय स्थगितच ठेवायचा होता. शेवटी हात वर करून ‘स्थगित’ला ‘स्था’मध्ये सामावून घेण्यात आलं. (विरोधात बाई एकट्या. त्या सभासद नसल्याने मत बाद.)

भिवा म्हणाले, “मॅडम, ह्या धातूत उठणं नाय काय?”

“आहे. उत्थान.” बाईंनी अंगावरची शाल काढून टेबलावर ठेवली. “चला, कुठे आहेत त्या?”

वाटेत त्यांनी पाचव्यावरच्या संघमित्राला उठवलं. ती नर्स, रात्रपाळी करून नुकती झोपलेली. यशोदाबाईंना खुर्चीत बसवलं, पुढून संघमित्राने उचललं, मागून भिवांनी. बाईंनी काठी आणि आहेराची पिशवी घेतली.

“माका पाडू नकात हां,” यशोदाबाई डोळे मिटून म्हणत राहिल्या.

खुर्ची खाली येताच सभेने उभं राहून टाळ्या वाजवल्या. विक्रांतरावांनी अभिनंदनाचा ठराव मांडला. तो सावकाश वाचून होईपर्यंत खुर्ची अडकून राहिली, कारण दारातच आम्ही सगळे उभे होतो.

अक्षता चुकल्या. रश्मीने मावशीला हॉलच्या दारात खुर्चीवर पाहिलं, तशी ती जेवणाच्या पानावरून उठली आणि येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. यशोदाबाईंनी तिची मुंडावळ सरळ केली. उशीर झाला गो बाय, एवढंच त्या म्हणाल्या.

त्या परत आल्या नाहीत. भायखळ्याला बहिणीकडे, कमलताईंकडे, तळमजल्यावर राहतात. भिवा डबा घेऊन रोज जातात. आमची संस्था भक्कम उभी आहे.

हे वाचून तुम्ही हसला असाल, तेही बसल्या बसल्या. बसण्याचा धातू मात्र वेगळा : ‘सद्’. त्यापासून ‘सभासद’ हा शब्द झाला.