चार बोटं तणस

रामटेके मास्तर कुठेही बसण्याआधी खाली वाकत आणि जमिनीला हाताची पालथी बाजू लावून पाहत, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. मग मान हलवून म्हणत, "थंड हाय," आणि बगलेतला जुना पेपर अंथरून त्यावर बसत. हे मे महिन्यातही चाले. नागपुरात मे महिन्यात जमीन थंड कशी, हे विचारायची सोय नव्हती.

सत्तरच्या दशकात आम्ही एकाच शाळेत होतो. मी गणित शिकवायचो, ते कवायत घ्यायचे. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात त्यांनी नव्याकोऱ्या सतरंजीवर पेपर अंथरला. नवरदेवाच्या मामांना वाटलं, हे जागेला अस्वच्छ म्हणताहेत. त्यांनी तावातावानं दुसरी सतरंजी मागवली. मास्तरांनी तिलाही हात लावून पाहिला आणि तिच्यावरही पेपर अंथरला. मामा रागावून उपाशी राहिले. मास्तर पोटभर जेवले आणि वर मठ्ठा मागून घेतला.

या वेडाचं मूळ शिबिरात होतं. दर डिसेंबरात मास्तर शाळेच्या पोट्ट्यांना घेऊन रामटेकजवळ तलावाकाठी तीन रात्री तंबू ठोकत. "माहं आडनावच रामटेके. दुसरीकडे गेलो तं आडनावाले राग येईल," असं म्हणत. एका वर्षी हेडमास्तरांनी मलाही सोबत पाठवलं. मी शहाण्यासारख्या तीन रजया नेल्या, खाली एक पातळ सतरंजी टाकली आणि तिन्ही रजया अंगावर घेऊन झोपलो. मध्यरात्री माझे दात वाजायला लागले. मास्तर कंदील घेऊन आले.

"काहून कुडकुडून राहिले, गणितवाले?"

"तीन रजया आहेत हो अंगावर!"

"वर तीन, खाली शून्य. मंग गुणाकार किती आला?"

गणिताच्या मास्तराला शून्याचा गुणाकार कवायतीच्या मास्तरानं शिकवावा, हे मला झोंबलं. पण त्यांनी मला उठवलं, दोन रजया काढून खाली घातल्या, त्याखाली तणस पसरलं आणि म्हणाले, "थंडी खालून येते गा. वर काय हाय? आभाळ. ते दूर हाय. जमीन तं पाठीले चिकटून हाय." एका रजईत मी सकाळपर्यंत घोरत पडलो.

तणस म्हणजे धानाचा वाळका पेंढा. मास्तर तो नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामांतून आणत. तिथे काचसामानाच्या पेट्या तणसात बसवून येत, आणि पेट्या रिकाम्या झाल्या की ते उकिरड्यावर जाई. मास्तर सायकलच्या कॅरियरवर पोतं बांधून आणत. "काच फुटत नाही याच्यात, तं माणूस कसा फुटंल?" हा त्यांचा सिद्धांत. झोपण्याआधी प्रत्येक पोट्ट्याचं अंथरूण ते तपासत. तणसात आडवा हात खुपसायचा आणि चार बोटं बुडाली तरच पास. तोंडावरून पांघरूण घ्यायला मनाई होती, कारण श्वासानं चादर ओली होते. ओले मोजे काढायचे, मूठभर शेंगदाणे आणि गूळ खायचा आणि शेवटी तलावापासून लांब जाऊन मोकळं होऊन यायचं. हा शेवटचा नियम ते शिटी वाजवून पाळायला लावत.

पण साऱ्या शाळेची पाठ गरम ठेवणाऱ्या या माणसाला एक पाठ मात्र दाद देत नव्हती. ती शेवंतावहिनींची, त्यांच्या बायकोची.

वहिनी दरवर्षी शिबिरात स्वयंपाकाला येत. लहानखुरी, हसरी, पण हट्टी बाई. त्यांना दमा होता. थंडी त्यांच्या छातीत बसे, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की यांना गारठ्यापासून जपा. आणि तणसावर झोपायला नेमक्या त्याच तयार नसत. एक चटई टाकत आणि झोपत.

"टोचते ते," त्या म्हणत. "रातभर अंगाले खाजवू का झोपू?"

"अवं, छातीत कफ भरते तुह्या!"

"भरू द्या. छपन साली दीक्षेले आलो, तवा तीन राती उघड्यावर मातीवरच झोपलो का नाही? तुम्हीच शिंकून राहिले होते. मले काही झालं नाही."

गावाहून पायी आलेल्या त्या नव्या जोडप्यात सर्दी झाली होती ती नवऱ्याला, हे खरंच होतं. मग वहिनींना झोप लागली की ते हळूच चटईची कड उचलून तणस सारत. वहिनी जाग्या होत आणि मूठभर तणस त्यांच्या अंगावर फेकत. दुसऱ्या दिवशी मास्तर मिशीतल्या काड्या काढत कवायत घ्यायला उभे राहत. पोट्टे हसत, मीही हसायचो. आता आठवलं की वाईट वाटतं, पण तेव्हा हसायचोच.

शेवटच्या वर्षी वहिनी शिबिरात आल्या नाहीत. नाताळानंतर त्यांना न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. मी भेटायला गेलो तेव्हा नर्सबाई मास्तरांवर खेकसत होत्या. मास्तरांनी गादीखाली पेपर कोंबले होते.

"पलंग आहे ना खाली? मग कशाला हा कचरा?"

"पलंगाखाली हवा हाय, बाई," मास्तर हात जोडून म्हणाले. "थंडी खालून येते."

वहिनी हसल्या, मग बराच वेळ खोकल्या. श्वास लागला तेव्हा मास्तरांचा हात धरून म्हणाल्या, "नका भांडू. घरी आल्यावर अंथरजा तुमचं तणस. मी नाही म्हणणार नाही."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू वीस वर्षांचा खटला ते जिंकले. त्याच संध्याकाळी थंडीत सायकल मारत ते वाडीला गेले आणि निवडून निवडून मऊ तणस आणलं. काड्यांची टोकं कात्रीनं छाटत बसले. मी म्हटलं, "मास्तर, एवढं कशाला?" म्हणाले, "कबूल झाली हाय गा. पहिल्याच राती टोचलं तं पुन्हा नाही म्हणंल."

तिसऱ्या दिवशी पहाटे वहिनी गेल्या.

त्यांच्या घरी पुरण्याची रीत होती. पांढऱ्या लुगड्यात गुंडाळलेला तो लहानसा देह घेऊन आम्ही स्मशानघाटावर पोचलो, तेव्हा ऊन वर आलं होतं, पण खड्ड्यातली माती ओली होती. वंदना झाली. लोक देह खाली उतरवायला पुढे झाले, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "थांबा." ते खड्ड्यात उतरले, गुडघ्यावर बसले आणि तळाला हाताची पालथी बाजू लावली. बराच वेळ लावून ठेवली.

मग वर पाहून मला म्हणाले, "गणितवाले, सायकलीवरून पोतं आणा."

वहिनींचे भाऊ कुजबुजले, "भाऊजी, हे काय करून राहिले?" मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. एका पोट्ट्यानं मागून आणलेल्या सायकलीवरून मी ते छाटलेल्या तणसाचं पोतं आणलं. त्यांनी सगळं तणस तळाशी पसरलं, हातानं सारखं केलं, कोपरे नीट भरले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पाहा बरं, चार बोटं झाली का?"

मी खड्ड्यात उतरलो आणि आडवा हात खुपसला. माझी चारही बोटं बुडाली, वरचा अंगठाही बुडाला.

"झाली, मास्तर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. तरी वर यायला ते तयार होईनात. एक काडी उचलून तिचं टोक आपल्या गालावर घासून पाहिलं. मग अंगावरचं घोंगडं काढलं, प्रत्येक शिबिरात त्यांच्या अंगावर असायचं तेच, आणि दुहेरी घडी करून तणसावर अंथरलं.

"असू द्या," नुसत्या बंडीवर थरथरत ते म्हणाले. "तिले टोचते."