घंटावाल्याच्या फेऱ्या

लताबाईंचं गाठोडं गेलं, हे तोतारामनानांना एका सोमवारी सकाळी साडेदहाला कळलं. बायकोला, म्हणजे लताबाईंना, जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. गाठोडं मात्र नानांच्याच हातून गेलं.

धुळ्यात, देवपूरच्या घरी ते टीव्हीखालचं कपाट पुसत होते. कपाटात गेम खेळायचं काळं यंत्र होतं. अडीच वर्षांपूर्वी लताबाईंचं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. तेव्हा जळगावच्या मुलीने, कामिनीने, आपलं जुनं यंत्र आणून दिलं. बोटं दोन महिन्यांत सुधारली, लताबाई थांबल्या नाहीत. गेमचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. त्या त्याला राखवाडी म्हणायच्या. दुपारची भांडी झाली की "मी राखवाडीला जाऊन येते" म्हणायच्या, आणि नाना आत झोपायला जायचे. तिथे काय असतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

पुसताना फडक्याने बटन दाबलं गेलं. पडद्यावर शेकोटीपाशी एक पाठमोरी बाई उभी राहिली. काळा झगा, हातात काठी, पाठीला गाठोडं. वर नाव लिहिलं होतं, 'लता धुळे'. नानांनी बंद करायचं म्हणून यंत्राच्या रिमोटवरची सगळी बटनं एकेकदा दाबली. बाई पायऱ्या उतरून खालच्या चौकात गेली आणि तिथे फिरणाऱ्या एका घराएवढ्या माणसाला तिने काठी मारली. त्या माणसाच्या हातात रांजणाएवढी घंटा होती. त्याने ती एकदाच हाणली.

बाई पुन्हा शेकोटीपाशी उभी राहिली, तेव्हा हात मोकळे होते आणि पाठ रिकामी.

नानांनी कामिनीला फोन लावला.

"आप्पा, तुम्ही नेमकं काय दाबलं?"

"सगळंच."

कामिनीने समजावून सांगितलं. राखवाडीत मेलं की जवळचं सगळं त्याच जागी पडतं. परत जाऊन उचलता येतं, पण संधी एकच. उचलायच्या आधी पुन्हा मेलं तर ते कायमचं जातं. आईने दोन वर्षं जमवलेलं सगळं त्या गाठोड्यात होतं, शेवटच्या दरवाज्याची किल्लीसुद्धा. यंदा दिवाळीला दरवाजा उघडते, असं ती म्हणाली होती.

"आता त्याला हात लावू नका," कामिनी म्हणाली. "आई पुन्हा मेली तर संपलं."

हे वाक्य दोघांनीही ऐकलं. मग नानांनी जळगावला ऊन कसं आहे ते विचारलं.

नानांनी एकतीस वर्षं एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. त्यांना कामाची एकच पद्धत माहीत होती. जी गाडी समजत नाही, तिच्या वेळा लिहून काढायच्या. त्यांनी कपाटातून कोरं रजिस्टर काढलं, रकाने आखले आणि टीव्हीसमोर खुर्ची टाकली. शेकोटीपासून खालचा चौक स्पष्ट दिसत होता आणि शेकोटीपाशी कुणी मारत नाही, एवढं कामिनीने सांगितलं होतं. घंटावाला विहिरीपासून निघे, चौकाला वळसा घाली आणि पुन्हा विहिरीपाशी येई. नाना निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ आणि शेरा लिहू लागले. अकरा दिवसांत घंटावाला एकदाही उशिरा आला नाही. नानांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

या काळात त्यांची पाण्याची टाकी दोनदा भरून वाहिली. मोटारीच्या बटनापाशी लताबाईंची चिठ्ठी होती. तशा चिठ्ठ्या घरभर होत्या, गॅसच्या वर, दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर, कपाटाच्या आत. नानांनी त्यातली एकही वाचली नव्हती. नोकरीत इतक्या सूचना लिहाव्या लागायच्या, की घरी येऊन वाचायची इच्छा राहत नसे. पुढे ती सवयच झाली.

बाराव्या दिवशी नवल आला. तो नानांच्याच वेळचा, निवृत्त ड्रायव्हर. त्याने रजिस्टर पाहिलं, पडदा पाहिला आणि म्हणाला, "नाना, मांगथून हान. पुढेथून कोन जास?"

नानांना पुढून किंवा मागून कुणालाच हाणता येत नव्हतं. म्हणून नवलने हितेंद्रला आणलं. हितेंद्रचं गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि राखवाडीत त्याने चौदाशे तास घातले होते. त्याने पहिल्या दिवशी सराव म्हणून वेगळा गडी तयार केला, तो चौकापर्यंत आणून ठेवला आणि त्याला नवलचं नाव दिलं. घंटा वर गेली की डावीकडे लोळण घ्यायची, दुसरी लोळण विहिरीमागे, मग पळ काढायचा, एवढंच शिकायचं होतं. नाना सकाळ-संध्याकाळ शिकू लागले. नवल त्रेसष्ट वेळा मेला. प्रत्येक वेळ रजिस्टरात आहे. खरा नवल शेजारी चहा पीत बघायचा. चाळिसाव्या वेळेनंतर त्याला घरी ताटावरही घंटावाला दिसू लागला. तो म्हणाला, "मन्हं नाव बदली टाक. घर जेवाले बठनू का तोच दखास."

हितेंद्रने एकदा घंटावाल्याची हकिगतही सांगितली. तो राज्याचा पहारेकरी. राणी वारली तेव्हा फिरून घंटा वाजवायचं काम त्याला दिलं. थांबायचं कधी, हे कुणी सांगितलंच नाही.

"बदलीवर कोणी आलं नाही?" नानांनी विचारलं.

"नाही, नाना."

नानांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'बदली नाही.'

तोवर बातमी गल्लीत पसरली होती. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींमध्ये दोन पक्ष पडले, डावीकडून जावं आणि उजवीकडून जावं असे. एका लग्नाचं बोलावणं आलं, तर नानांनी घंटावाल्याचं उरकल्यावर येतो असं कळवलं. हे जळगावला पोचलं, आणि रविवारी कामिनी पहिल्या गाडीने धुळ्याला आली. नानांनीही तोच रविवार ठरवला होता.

दहाला सगळे जमले. शेजारचे कापडवाले कन्हैयालालजी बिस्किटांचा पुडा घेऊन आले. त्यांच्यामागून त्यांच्या बायको धनकुंवरबाई आल्या आणि लताबाईंच्या नेहमीच्या जागी, दिवाणाच्या डाव्या कोपऱ्यात बसल्या.

हितेंद्र म्हणाला, नानांचे हात कापतात, रिमोट मला द्या. नवल म्हणाला, चौदाशे तासवालाच नेईल. कन्हैयालालजींचं म्हणणं पडलं की मुहूर्त चांगला नाही, आधी साडेअकरा होऊ द्यावेत. कामिनी म्हणाली, राहू द्या, आप्पा, बंद करा, आहे तिथे असू दे ते गाठोडं. नानांनी रिमोट सोडला नाही. ते म्हणाले, ज्याच्या हातून गेलं तोच आणेल. त्रेसष्ट मरणांपैकी एकदाही ते विहिरीमागे पोचले नव्हते, हे रजिस्टरात असल्यामुळे सगळ्यांना माहीत होतं.

"भाऊ," धनकुंवरबाई म्हणाल्या, "पहिले तिची चिठ्ठी तर वाचा."

"कुठली चिठ्ठी?"

"ती काय, पायापाशी. लाल."

नानांनी रजिस्टर उघडलं. पहिल्या दिवसापासून शेऱ्यात लिहिलेलं होतं, 'पहिल्या पायरीवर लाल अक्षरं चमकतात. कामाशी संबंध नाही.' पुढच्या दिवसांना 'वरीलप्रमाणे'.

"तुला काय माहीत?" कन्हैयालालजींनी बायकोला विचारलं.

"रोज दुपारी इथेच असायची मी."

"तू तर जैन स्थानकात जायचीस. प्रवचनाला."

"प्रवचन चारला असतं," धनकुंवरबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. पहिल्याच दिवशी त्यांनी लताबाईंना बजावलं होतं, मी जैन बाई, माझ्यासमोर कुणाला मारायचं नाही. लताबाई म्हणाल्या, ठीक. तेव्हापासून दोन वर्षं त्या राखवाडीत कुणालाही न मारता फिरत होत्या. कुणाला चुकवायच्या, कुणाला खायला टाकायच्या, कुणापुढे नुसत्या थांबायच्या. एकदा काठीखाली चुकून वटवाघूळ आलं. त्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून धनकुंवरबाई एकदाच जेवल्या. प्रत्येक जागी काय करायचं ते सापडलं, की लताबाई मागून येणाऱ्यांसाठी जमिनीवर लिहून ठेवायच्या. गेममध्ये तशी सोय होती.

धनकुंवरबाईंनी दाखवलेलं बटन नानांनी दाबलं. पडद्यावर अक्षरं मोठी झाली.

'आठे भांडू नको. बठ. तो बी बठस.'

"ही माझ्या गेममध्येपण दिसते," हितेंद्र हळूच म्हणाला. "मला वाटलं, आपल्याकडचाच कोणी लोकांना फसवून मारण्यासाठी हे लिहितोय."

नाना पायऱ्या उतरले. चौकात घंटावाला वळसा घालून येत होता, नेहमीच्या वेळेवर. हितेंद्रने डोळे मिटले. घंटा वर गेली. लोळण घ्यायची ती हीच वेळ होती आणि नानांचा अंगठा तिकडे गेलाही होता. धनकुंवरबाईंनी तो उचलून खालच्या बटनावर ठेवला. काळ्या झग्यातली बाई विहिरीपाशी मांडी घालून बसली.

घंटा काही वेळ वरच राहिली. मग खाली आली. घंटावाल्याने ती बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात टेकला आणि तोही समोर बसला.

"बठना," नवल म्हणाला.

गाठोडं हाताच्या अंतरावर होतं. नानांनी ते लगेच उचललं नाही. कामिनीने दोनदा आठवण करून दिली, तेव्हा उचललं. रजिस्टरात नोंद आहे : '१०.४२ बसले. १०.५८ उठले. शेरा : दोघंही.'

हितेंद्रचं म्हणणं, लगेच दरवाजा उघडावा, दहा मिनिटांचं काम आहे. आत राणीची समाधी आहे. तिथे दिवा लावला की गेम संपतो.

"संपतो म्हणजे?" नानांनी विचारलं.

"संपतो, नाना. नाव येतं आणि बंद होतं."

नानांनी बाईला शेकोटीपाशी आणून उभं केलं आणि सगळ्यांना चहा विचारला.

कामिनी संध्याकाळच्या गाडीने गेल्यावर त्यांनी घरातल्या चिठ्ठ्या वाचल्या. मोटारीपाशी लिहिलं होतं, 'पाच मिनिटांनी बंद करा. विसराल.' टाकी आता वाहत नाही. हितेंद्रने आपल्या गेममध्ये घंटावाल्यासमोर बसून पाहिलं. तो दुकानात येणाऱ्यांना हे आपणच शोधल्याचं सांगतो. धनकुंवरबाई प्रवचनाला जाताना पुन्हा येऊ लागल्या आहेत. कन्हैयालालजीही येतात. रोज दुपारी नाना पायऱ्या उतरतात, सोळा मिनिटं बसतात आणि परत येतात. तेवढा वेळ घंटा थांबते.

दिवाळी होऊन गेली. किल्ली गाठोड्यात आहे. दरवाजा उघडायचा राहिला आहे.