जनाबाईंचं पहिलं ऑपरेशन

जनाबाईंचं खुब्याचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं ते शेजाऱ्यांच्या प्रेमापायी.

डाव्या खुब्याचा सांधा पार झिजला होता. अंबरनाथ पश्चिमेच्या डॉक्टर माधवीबाईंनी सांधा बदलायला लागेल म्हणून सांगितलं, पण आधी साखर खाली आणायची आणि मांड्यांचा व्यायाम करायचा, अशी अट घातली. "सांधा मी नवा बसवीन," त्या म्हणाल्या, "पण त्याला सांभाळणारी मांडी तुम्ही घरून आणायची. जो धडधाकट येतो तो लवकर उठतो. नाहीतर ऑपरेशन चांगलं होऊनही माणूस कुरकुरत बसतो." जनाबाईंनी जोरात मान डोलावली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतलं बायकांचं लेझीम पथक त्या कित्येक वर्षं चालवत होत्या, आणि मागच्या वर्षी ते त्यांना खुर्चीत बसून बघावं लागलं होतं. ते बसणं त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

पण ऑपरेशन ठरल्याची बातमी बदलापुरात कात्रपच्या त्यांच्या इमारतीत पसरली आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. ऑपरेशननंतर पथ्य असतं, तेव्हा आत्ताच खाऊन घ्यावं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. कुणी शिरा आणला, कुणी बेसनाचे लाडू. समोरच्या किर्तीने तर डबाभर बासुंदी आणून पहिला चमचा स्वतःच्या हाताने भरवला. सून अस्मिता दिवसभर ऑफिसात, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं, आणि जनाबाईंना मुळात नको म्हणता येत नसे, गोडाला तर अजिबातच नाही. ऑक्टोबरात तपासलं तर साखर होती त्याहून वर चढलेली. जानेवारीपर्यंत उतरली नाही तर एप्रिल विसरा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

घाबरून जनाबाई आठवडाभर अंबरनाथलाच लेकीकडे, प्रीतीकडे राहिल्या. व्यायामाला आधार हवा म्हणून एक वॉकर घेतला आणि तो रिक्षात घालून सुनेसोबत घरी आल्या. खाली गेटपाशी किर्ती उभी होती. आठवडाभर गायब झालेली बाई, हातात वॉकर, चालताना कण्हणं. किर्तीने हिशोब केला आणि कपाळावर हात मारला.

"करून पण आलीस? मावशी, मला सांगितलं नाहीस ना?"

जनाबाई खरं सांगायला गेल्या, तर किर्तीने बोलू नकोस, दम लागेल म्हणून त्यांना गप्प केलं. संध्याकाळी सगळी इमारत पुन्हा आली. या वेळी मात्र हातात मुगाचं कढण, पडवळाची भाजी आणि पपई होती. गोड खाल्लं की टाके पिकतात, याबद्दल इमारतीत दुमत नव्हतं. अस्मिताने ते डबे पाहिले आणि सासूच्या कानाशी लागून म्हणाली, "आई, जानेवारीपर्यंत काही बोलू नका."

जनाबाईंना ते अवघड गेलं नाही, कारण खुबा दुखतच होता आणि कण्हण्यात खोटं काही नव्हतं. टाके दाखवायची वेळ आली तेव्हा अस्मिताने डॉक्टरांनी उघडायला मनाई केल्याचं सांगून टाकलं. खरी परीक्षा दिवाळीत झाली. फराळाची ताटं दारासमोरून जात होती. जनाबाईंनी हळूच एक करंजी उचलली, तर किर्तीने ती अर्ध्या वाटेत काढून घेतली. टाके नाहीतच, हे सांगायची सोय नव्हती. रोज संध्याकाळी बायका त्यांना पॅसेजमध्ये चालवत, खुर्चीतून उठवत, बसवत. किर्तीची कुणी मामी ऑपरेशननंतर महिन्यात जिना चढली होती. त्या न पाहिलेल्या मामीचा जनाबाईंना मनापासून राग येऊ लागला.

जानेवारीत साखर उतरलेली आणि मांड्या घट्ट. खूश होऊन डॉक्टरांनी कुठली आहारतज्ज्ञ गाठलीत म्हणून विचारलं.

"आमच्या समोरच राहते," जनाबाई म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. इमारतीत मात्र प्रीतीकडे राहायला गेल्या, एवढंच सांगितलेलं होतं. त्यामुळे त्या खरे टाके घेऊन परतल्या तेव्हा भेटायला चिटपाखरूही आलं नाही. उलट किर्तीने दारातूनच झापलं. "परत वॉकर? प्रीतीकडे जाऊन लोळलीस ना नुसती? आळशी झालीस तू मावशी." जनाबाईंनी ते गिळलं. त्यांना फार एकटं वाटलं. खोट्या ऑपरेशनला सगळी आली आणि खऱ्याला कुणी नाही, असं म्हणून त्या अस्मिताजवळ रडल्यासुद्धा. पाय मात्र तयारीचे होते. थोड्याच दिवसांत त्यांनी वॉकर सोडला, मग काठीही सोडली.

एप्रिलच्या तपासणीला अस्मिताला रजा मिळाली नाही, म्हणून किर्ती सोबत गेली. डॉक्टरांनी चालून दाखवायला सांगितलं, पाय वाकवून पाहिला आणि मिरवणुकीला परवानगी दिली. लेझीम खेळा, फक्त उड्या मारू नका, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ऑपरेशनवर समाधानी आहात ना?"

आनंदाच्या भरात जनाबाईंना सोबत कोण आहे याचा विसर पडला. "तसं चांगलं झालं," त्या म्हणाल्या, "पण पहिलं जास्त बरं होतं. दुखलं नाही, आणि माणसं किती आली बघायला."

"पहिलं कुठलं? जानेवारीत केलं ते एकच तर केलंय."

शेजारच्या खुर्चीवर किर्ती सावकाश वळली.

रिक्षा बदलापूरला पोचेपर्यंत जनाबाई भांडणाची तयारी करून बसल्या होत्या. पण गेटपाशी उतरताना किर्तीचे डोळे भरून आले. "म्हणजे तुला खरे टाके होते, आणि मी तुला आळशी म्हणाले?" पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "संध्याकाळी येते बघायला."

संध्याकाळी किर्ती सगळ्या इमारतीला घेऊन आली. जिन्यात पावलं वाजली तशा जनाबाई लगबगीने पलंगावर आडव्या झाल्या आणि गळ्यापर्यंत पांघरूण ओढून घेतलं. मग त्यांनी भुलीच्या इंजेक्शनपासून सगळं सांगितलं, मधे मधे बेताने कण्हल्या. बायका हळहळल्या, कुणी पाय दाबले, कुणी उशी सारखी केली. जनाबाईंना इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

किर्तीने त्यांचा हात हातात घेतला. "मावशी, टेन्शन नको घेऊ. खरं ऑपरेशन आत्ताचंय ना, मग परवा तू मस्त खुर्चीत बस. पथक मी सांभाळते."

कण्हणं बंद झालं. जनाबाईंनी पांघरूण बाजूला केलं, कुणाचाही हात न धरता उभ्या राहिल्या, कपाटातून लेझीम काढली आणि सगळ्यांना पॅसेजमध्ये रांगा करायला सांगितलं. किर्तीला त्यांनी शेवटच्या रांगेत उभं केलं.