चढावरची बादली

नव्या रेडिएटरपासून बजरंगला एकच फायदा हवा होता: थोरल्या भावाचं, गोरोबाचं पाणी चुकवायचं. डिझेल वाचणं, ढोकीच्या साखर कारखान्यावर लवकर नंबर लागणं, हे सगळं वरकड.

वाटणीपासून दोघांत अबोला. पण उसाचा ट्रॅक्टर चढाला लागला की नेमका गोरोबाच्या शेतातल्या घरासमोर वाफ सोडायचा. गोरोबा बादली घेऊन यायचा आणि बोलायचा ते ट्रॅक्टरशी.

"काय रं लोखंडा, आज बी उपाशीच धाडलं व्हय मालकानं?"

बजरंगही बॉनेटलाच सांगायचा, "गप पी. फुकटचं पानी हाय, ऐकून घ्यावं लागतं."

शेवटी त्यानं कळंबच्या रेडिएटरवाल्याच्या फरशीवर खडूनं नवं डिझाईन काढलं. नळ्यांच्या दोन रांगांच्या जागी चार, मधली जाळी दाट, वारा कडेनं निसटू नये म्हणून पंख्याभोवती पत्र्याचं कडं.

"एवढं मोठं? ट्रॅक्टरला बसवायचंय का रेल्वेला?"

"भावाचं त्वांड लई मोठं हाय," बजरंग म्हणाला.

डिझाईन साधलं. चढावरही तापमानाचा काटा हिरव्यातून हलला नाही. गोरोबा बादली घेऊन उभाच होता. बजरंगनं मान सरळ ठेवून ट्रॅक्टर पुढं काढला. आरशात गोरोबा हातवारे करत मागं पळताना दिसला. शिव्याच देत असणार! बजरंगनं खुशीत गाण्याचा आवाज वाढवला.

मग मात्र आठवडाभर बादली रस्त्याकडेला आडवीच दिसली. भावाचं नाव काढलं की बजरंग उठून जायचा, म्हणून गावात कुणी काही सांगितलंही नाही. शेवटी न तापलेला ट्रॅक्टर त्यानं थांबवला. महानंदावहिनी बाहेर आल्या.

"शिव्या देऊन दमला का दादा?"

"शिव्या कुठल्या, भावजी? तुमी थांबला न्हाई म्हंजी काटा बिघडलाय, इंजन जाम व्हईल, थांब म्हनून बोंबलत पळाले. सांडलेल्या पान्यावर घसरले. खुब्यात रॉड घातलाय."

आत गोरोबा बाजेवर. मध्ये ट्रॅक्टर नव्हता, त्यामुळं बोलायचं कसं हे दोघांनाही कळेना. गोरोबा बायकोला म्हणाला, "इंजन जाम झालं का, इचार."

"न्हाय म्हनावं," बजरंग वहिनींना म्हणाला. "गार हाय. रेडिएटर नवं बनीवलंय."

"चांगलं बनीवलंय म्हनावं," असं म्हणून गोरोबानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

बजरंग अजूनही प्रत्येक खेपेला चढावर थांबतो, बादली भरतो आणि भावाच्या मोरीत नेऊन ठेवतो. डिझाईन त्याचं, फायदा ट्रॅक्टरचा. किंमत गोरोबानं भरली, आणि तोच बाजेवरून बायकोला विचारतो, "काटा हिरव्यातच हाय न्हवं?"