ट्राऊटसाठी दोन श्रावण

कसबा बावड्याच्या हंबीररावांनी हिमाचलला जायची तयारी केली, ती मोहिमेवर निघाल्यासारखी. डोंगरातलं तळं ठरलं, मुक्काम ठरला, मासे धरायचा परवाना निघाला. नवा गळ तर गच्चीवरून इतक्या वेळा फेकून झाला, की शेजाऱ्यांनी दोरीवरचे कपडे घरात नेले. पंचगंगेतल्या यच्चयावत माशांना हंबीररावांनी आपलं पाणी दाखवून झालं होतं. राहिला होता तो डोंगरातल्या थंड पाण्यातला ट्राऊट. तो आपल्या हाताने धरायचा, घरची चटणी लावून तव्यावर परतायचा आणि मग सुखाने म्हातारं व्हायचं, असं त्यांनी तालमीत, दुकानात आणि जावयाच्या घरीसुद्धा जाहीर करून टाकलं होतं. सामानात पहिला चटणीचा डबा गेला होता.

सोबत शशिधर निघाला होता. शाळेपासूनचा दोस्त, पण घराणं लिंगायत. सात पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही. "तू मासं धर, मी डोंगर बघतो," एवढ्या बोलीवर तो तयार झाला होता.

तो आखाडातला रविवार होता. तालमीतली मंडळी जेवायला यायची होती आणि हंबीरराव परड्यात चुलीवर तांबडा रस्सा ढवळत होते. त्यांच्या आईने, म्हणजे आक्कांनी, जवळ बसून विचारलं, "कवा निघणार म्हणलास?"

"ऑगस्ट संपता संपता."

"म्हंजी राखी झाली की दोन दिसांनी. श्रावणात मासं खाणार?"

"श्रावण संपतोय की गं तवर. गेल्या साली त्या टायमाला गणपती बसलंतं."

"गेल्या साली अधिक म्हयना न्हवता. औंदा हुता. जावयाला धोंड्याचं जेवण कुणी घातलं, मी?"

हंबीररावांच्या हातातला डाव थांबला. अनारसे त्यांनीच आग्रह करकरून वाढले होते, चांदीचा दिवाही दिला होता. पण ज्या महिन्यात जावयाचे एवढे लाड झाले, त्याने श्रावण पुढे ढकलला, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि श्रावण मोडणं शक्य नव्हतं. हंबीररावांनी उभ्या आयुष्यात तो मोडला नव्हता. ट्राऊट डोळ्यांदेखत निसटला.

एवढ्यात शशिधर आला. सगळं ऐकून तो शांतपणे म्हणाला, "मी केदारला गेलतो न्हवं? तिकडं म्हयना पुनवेला संपतोय. राखी झाली की त्यांचा श्रावण खलास, भादवा चालू."

हंबीररावांची छाती पुन्हा पहिल्यासारखी फुगली. "ऐकलंस का आक्का? ज्या मुलखात जायचं त्या मुलखाचा म्हयना पाळायचा. मी तिकडचा श्रावण धरणार."

आक्का जरा विचारात पडल्या. मग शशिधरला म्हणाल्या, "आणि त्यांचा श्रावण लागतोय कवा रं, बाळा?"

"गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी."

"म्हंजी लागला की." आक्कांनी हंबीररावांच्या हातातला डाव काढून घेतला. "ऊठ. श्रावणात रश्श्याला हात लावू नगंस."

हंबीररावांनी एकदा पातेल्याकडे पाहिलं. वर लालभडक तर्री आली होती. पण शब्द दिला होता, आणि पलीकडे ट्राऊट होता. "उठलो," ते ताठ मानेने म्हणाले. "आपलं म्हणजे एकदा ठरलं की ठरलं."

पंगत बसली. तालमीतली मंडळी रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या रिचवू लागली. वाढणाऱ्या आक्का हंबीररावांच्या ताटापाशी आल्या की पातेलं अलगद पलीकडच्या हाताला न्यायच्या. शशिधरसाठी केलेल्या अख्ख्या मसुराची वाटी हंबीररावांच्याही पुढ्यात आली होती, आणि शेजारी जोडीदार मिळाल्याने शशिधर भलताच खुशीत होता.

"त्या मुक्कामाच्या मालकाला काल फोन केलतो," तो भाकरी मोडत म्हणाला. "म्हणलं, आमच्यासारख्याची जेवणाची सोय हुईल का? म्हणतोय, बिनघोर या. आमच्याकडं राजमा-भातच असतोय."

"आणि मी धरलेला ट्राऊट कोण शिजवणार?"

"शिजवायचा कुठं? त्या तळ्याव मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. नियमच हाय. तुला ठावं न्हाय व्हय? मला वाटलं, म्हणूनच तू मला बोलावलंस."

समोरच्याने मटणाची नळी तोंडाला लावून जोरात ओढली. हंबीररावांनी मसुराची वाटी हळूच शशिधरकडे सरकवली.

"आक्का," त्यांनी हाक मारली, "आपल्या हितं श्रावण कवा लागतोय?"

"अवस झाली की."

"मग वाढ की."

आक्कांनी पातेलं वळवलं आणि काठोकाठ वाटी भरली.

"लवकर आलास की रं हिमाचलातनं," त्या म्हणाल्या.